गाठ मॅडमची बढती

“तुमच्या पोटातली गाठ ही या महाविद्यालयाची कायम कर्मचारी आहे, आणि कायम कर्मचाऱ्याला असं कापून काढता येत नाही,” डॉ. पाठारे मला तिसऱ्यांदा सांगत होते.

“मग आधी तिला हंगामी करा आणि मग कापा,” मी म्हटलं.

“एकदा कायम झालेल्यांना पुन्हा हंगामी करता येत नाही, आजी.”

“आणि त्यापायी मी मेले तर?”

“तो वेगळा विषय आहे. तो आमच्या विभागाकडे येत नाही.”

सकाळपासून हेच चाललं होतं. दहिगव्हाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, शल्यचिकित्सा विभागप्रमुखांच्या खोलीत. टेबलाच्या पलीकडे विभागप्रमुख डॉ. हेमचंद्र पाठारे. त्यांच्या बाजूला आस्थापना शाखेचे खिल्लारे भाऊसाहेब, म्हणजे नेमणुका, रजा आणि बदल्या ज्यांच्या हातून जातात ते. अलीकडे स्टुलावर मी, इंदुबाई झरकर, बाजारपेठेतल्या बांगड्यांच्या दुकानाची मालकीण. खोलीत गादीच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांवर प्राध्यापकानं बसायचं असतं, आणि माझी गाठ अजून सहयोगी प्राध्यापकच होती. दाराशी डॉ. शबनम अत्तार माझ्या पोटाची काळी फिल्म हातात धरून उभ्या होत्या. त्या नुसत्या सहायक प्राध्यापक, त्यामुळे त्यांना स्टूलही नव्हतं.

गाठीबद्दल सांगते. ती पोटाच्या मागच्या भिंतीला, डाव्या मूत्रपिंडाच्या पुढ्यात आहे. सोललेल्या नारळाएवढी. आत केस आहेत, दाढा आहेत, आणि अंगठ्याच्या पेरासारखं एक हाड आहे. बायकांच्या बीजकोशात अशी गाठ पुष्कळदा होते. पण इतक्या मागे, कण्याला टेकून, आणि माझ्यासारख्या नातवंडं झालेल्या बाईला, हे फार क्वचित. डॉ. पाठाऱ्यांनी पहिल्यांदा हात लावला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं माझ्या पोटात गुप्तधन निघालं.

“त्रास आहे का?” त्यांनी विचारलं होतं.

“नाही.”

“मग राहू द्या. परीक्षेला येत जा.”

आमच्याकडे ही पद्धत आहे. डॉक्टरकीची परीक्षा जवळ आली, की ज्यांच्या पोटात काही बघण्यासारखं आहे त्यांना निरोप जातो. कुणाची प्लीहा बेंबीपर्यंत उतरलेली, कुणाच्या यकृतात पाण्याचे फुगे. सगळे स्वच्छ कपडे घालून येतात, खाटांवर ओळीनं पडतात, उपमा आणि चहा मिळतो. पोरं येऊन पोट दाबतात आणि बाहेरगावाहून आलेले परीक्षक त्यांना घाम फोडतात. परीक्षक पाठमोरे झाले की पोरं कानाशी येऊन म्हणतात, “आजी, काय आहे ते सांगा ना, पाया पडतो.” मी म्हणायचे, “आधी हात चोळ, बर्फ झालाय. आणि दाबताना परीक्षकाच्या तोंडाकडे बघू नकोस, माझ्या तोंडाकडे बघ.” जे माझ्या तोंडाकडे बघायचे ते पास व्हायचे. पोरं बाहेर जाऊन सांगायची, “गाठ मॅडमनी शिकवलं.” त्यांचं खरं होतं. हात गाठीवर होता. मी फक्त तिथे हजर होते.

नोकरीचं प्रकरण नंतरचं. एकदा महाविद्यालयाची मान्यता तपासायला समिती आली, आणि शल्यचिकित्सा विभागात एक शिक्षक कमी भरला. असे कमी पडणारे शिक्षक दर तपासणीला शेजारच्या जिल्ह्यातून उसने आणतात, पण त्या दिवशी त्यांची गाडी घाटात बंद पडली. समितीच्या अध्यक्षांनी मुलांना विचारलं, “इथे तुम्हाला प्रत्यक्षात शिकवतं कोण?” मुलं एका आवाजात म्हणाली, “गाठ मॅडम.” अध्यक्ष म्हणाले, बोलवा. मला बोलावलं. अध्यक्षांनी हात लावून बघितलं, त्यांचं समाधान झालं, आणि खिल्लारे भाऊसाहेबांनी रिकाम्या जागेवर तिचं नाव घातलं. मान्यता टिकली. त्यानंतर ते नाव खोडायची सोय उरली नाही, कारण मग मान्यताही खोडावी लागली असती.

तेव्हापासून तिची नोकरी माझ्यामागे लागली. हजेरीचं यंत्र रोज बेंबीच्या डावीकडे टेकवायचं. भाचीच्या पोराच्या बारशाला पैठणला जायचं तर मुख्यालय सोडण्याची परवानगी घ्यायची. विधानसभेच्या निवडणुकीत तिला मतदान केंद्रावर नेमलं, बोटाला शाई लावायच्या कामाला. शाई मी लावली, केंद्राध्यक्षांनी आभार तिचे मानले. शिक्षक दिनाला पोरं माझ्या पोटावर हार ठेवायची आणि मी तो घसरू नये म्हणून श्वास धरायचे. तिचा गोपनीय अहवाल दर वर्षी उत्तम. “स्वभाव शांत. वरिष्ठांशी वर्तन नम्र. नेमून दिलेली जागा सोडत नाहीत.”

हे सगळं मी चालवून घेतलं. पोटात जागा होती, आणि पोरांचे हात पुढे कुणाच्या तरी पोटावर पडणार होते, ते बरे पडावेत असं मलाही वाटायचं.

पण दिवाळीपासून पोट दुखायला लागलं. भाकरी अर्धी, मग चतकोर. दुकानात मी स्वतःच्या हातात सव्वादोन इंची बांगड्या घालत होते, त्या गळून पडायला लागल्या म्हणून लहान मुलींच्या मापाच्या भरल्या. डॉ. अत्तारांनी फोटो काढले, सुई घालून तपासलं, आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून, स्वतः शेजारी बसून सांगितलं, “आजी, गाठीच्या एका कोपऱ्यात कॅन्सर झालाय. अजून आतल्या आत आहे. आत्ता काढली तर तुम्ही बऱ्या व्हाल. होळीपर्यंत थांबलो तर ती मोठ्या रक्तवाहिनीला मिठी मारेल, मग कुणालाच सोडवता येणार नाही.”

डॉ. पाठाऱ्यांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतून उठून माझ्याकडे आले.

“अभिनंदन,” ते म्हणाले. “अशा जागी अशी गाठ, आणि तिच्यात हा बदल! अशी उदाहरणं जगात मोजकी. मॅडमची पात्रता आता प्राध्यापकाची झाली.”

आणि त्यांनी प्रस्ताव वर पाठवला.

मी आधी खासगीत जाऊन आले, मला कुणी मूर्ख समजू नये. तिथे माझं नाव यंत्रात घातलं तर पडद्यावर आलं, ‘शासकीय कर्मचारी, कर्तव्यावर’. ना-हरकत आणा म्हणाले. ना-हरकतीच्या अर्जात ‘शस्त्रक्रियेचे प्रयोजन’ असा एक रकाना होता. मी लिहिलं, ‘जगणे’. प्रयोजन अपुरं आहे असा शेरा मारून अर्ज परत आला.

म्हणून आज मी स्टुलावर बसले होते आणि उठणार नव्हते.

“डॉक्टर अत्तार तयार आहेत,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त मान हलवा.”

“डॉ. अत्तार सहायक आहेत. मॅडम सहयोगी आहेत,” डॉ. पाठारे म्हणाले. “कनिष्ठानं वरिष्ठाला कापायची पद्धत आपल्याकडे नाही.”

“उघडपणे नाही,” खिल्लारे भाऊसाहेब म्हणाले.

“मग तुम्ही कापा. तुम्ही तर वरिष्ठ आहात.”

“मी कापलं तर ती बडतर्फी ठरते. त्याला आधी चौकशी लागते.”

“चौकशी झाली की! मीच तक्रार केली होती.”

“झाली. आणि मॅडम निर्दोष सुटल्या.”

हेही खरं होतं. मी लेखी तक्रार दिली होती की ही बाई मला जेवू देत नाही, झोपू देत नाही. त्यावर तिला ‘कारणे दाखवा’ नोटीस निघाली. शिपायानं ती माझ्या पोटावर चिकटपट्टीनं लावली आणि वाचून दाखवली. मुदत संपली तरी तिनं उत्तर दिलं नाही. मला वाटलं, सुटले. पण चौकशी अधिकाऱ्यांनी असं लिहिलं की इतक्या वर्षांत एकही किरकोळ रजा न घेतलेल्या, कधीही उशिरा न आलेल्या शिक्षिकेचं मौन हे तिच्या सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे. तक्रारदार बाईंचा सूर मात्र उद्धट आहे.

“उद्धट तर उद्धट,” मी म्हटलं. “स्वेच्छानिवृत्ती देता येईल ना तिला?”

“देता येईल. स्वेच्छा मॅडमची लागेल,” खिल्लारे म्हणाले.

“तिच्या वतीनं मी सांगते, तिला जायचंय.”

“आपण तिऱ्हाईत आहात, आजी.”

“मी तिऱ्हाईत? अहो, माझ्या रक्तावर वाढलीय ती! माझी भाकरी खातेय!”

“त्यामुळेच आपल्या म्हणण्यात हितसंबंध दिसतो.”

मी डॉ. अत्तारांकडे बघितलं. त्या फिल्म उजेडात धरून गाठीचा तो कोपरा पुन्हा बघत होत्या. ती पोरगी मला आवडते. ती दाबायच्या आधी हात चोळते.

“बरं, असं समजा,” मी म्हटलं, “मी या होळीत गेले. सरणावर जळाले. तुमची मॅडमही जळाली. मग तुमच्या हातात काय राहिलं? आत्ता काढलीत तर निदान बरणीत तरी घालून ठेवाल.”

डॉ. पाठाऱ्यांनी यावर विचार केला. माझ्या म्हणण्यातला बरणीचा भाग त्यांना पटल्यासारखा वाटला. ते खिल्लाऱ्यांकडे वळले. “सेवेत असताना मृत्यू आला तर जागेचं काय होतं?”

“अनुकंपा तत्त्वावर वारसाला घेता येतं, साहेब. मॅडमच्या मागे कुणी आहे का?”

दोघांनी डॉ. अत्तारांकडे बघितलं.

“अजून नाही,” डॉ. अत्तार म्हणाल्या. “पण असंच थांबलो तर यकृतात नव्या गाठी होतील.”

“किती?” खिल्लाऱ्यांनी पेन काढलं.

“पुष्कळ.”

“सगळ्यांना घेता येणार नाही. एकालाच.”

“थोरल्याला घेऊ,” डॉ. पाठारे म्हणाले. “म्हणजे विभागाचं नुकसान होणार नाही.”

मी स्टुलावरून उठले. उठताना पोटात अशी कळ आली की टेबलाची कड धरावी लागली, पण आवाज मी खाली येऊ दिला नाही.

“अरे लाज वाटते का? माझ्या काळजात हिची पोरं जन्माला घालून त्यांना नोकऱ्या वाटताय? माझ्या धाकट्या नातीला बांगड्या भरायला शिकवतेय मी. अजून तिच्या हातून दहांतल्या चार फुटतात. दुसऱ्याचा हात हातात घेऊन, न दुखवता काच कशी चढवायची, हे मी गेले तर तिला कोण शिकवणार? त्या जागेवर कुणाला घ्याल अनुकंपेनं?”

“ते पद मंजूर नाही,” खिल्लारे म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, हे मी नाकारत नाही.

एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव बघितलं आणि उभे राहिले, तेव्हाच आम्हाला कळलं की मंत्रालयातून आहे. ते दोन्ही हातांनी फोन धरून ऐकत राहिले. “होय साहेब. होय साहेब. कळवतो साहेब.” मग फोनवर तळहात ठेवून ते ओरडले, “झाली! मॅडमची बढती झाली! प्राध्यापक झाल्या!”

डॉ. पाठारे लगबगीनं टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी गादीची खुर्ची माझ्यामागे सरकवली. “बसावं, मॅडम,” ते माझ्या पोटाकडे बघून म्हणाले. मी बसले. खुर्ची चांगली होती, पाठीला आधार देणारी. डॉ. अत्तारांना आता निदान स्टूल मोकळं झालं होतं, पण त्या बसल्या नाहीत.

खिल्लारे अजून ऐकत होते. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्यांनी फोन खिशात ठेवला.

“पदस्थापना सोनखांबला आहे, साहेब.”

“म्हणजे?”

“बढतीवर बदली. नेहमीप्रमाणे.”

सोनखांब राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथे नवीन वैद्यकीय महाविद्यालय निघालंय. पाटी लागलीय, भिंती छातीपर्यंत आल्यात, आणि मुलं बाजार समितीच्या शेडमध्ये कांद्याच्या गोण्यांवर बसून शरीरशास्त्र शिकतात असं ऐकलंय.

“असं कसं?” डॉ. पाठारे म्हणाले. “मॅडमना इथेच ठेवा. मी स्वतः वर बोलतो.”

“इथे प्राध्यापकाचं पद एकच आहे, साहेब. त्यावर आपण आहात.” खिल्लारे जरा घुटमळले. “आपण सोनखांबला गेलात, तर मॅडम इथे राहू शकतात.”

डॉ. पाठाऱ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तिथून रस्त्यापलीकडची एक तिमजली इमारत दिसते. त्यांच्या पत्नीच्या नावानं चालणारा दवाखाना आहे तो.

“बदली हा सेवेचा भागच आहे,” ते म्हणाले. “आपण कोण तिच्या आड येणार? आजी, सोमवारी सोनखांबला रुजू व्हायचंय. सामान बांधा.”

“मी?”

“मॅडमबरोबर तुम्हाला जावंच लागेल. हे ओघानंच आलं.”

“सर,” डॉ. अत्तार पहिल्यांदाच पुढे आल्या. “तिथे शस्त्रक्रियेची खोली नाही. भूल द्यायला कुणी नाही. या तिथून परत येणार नाहीत.”

“डॉ. अत्तार, रुजू होण्यासाठी परत यावं लागत नाही.”

मी हात वर केला. बांगड्या कोपरापर्यंत खाली घसरल्या. “खिल्लारे भाऊसाहेब, त्या हुकमात माझं नाव आहे का?”

“नाही, आजी. फक्त मॅडमचं.”

“मग मी का जायचं? मी तुमच्या नोकरीत नाही. मी कोण आहे ते एकदा नीट सांगा मला.”

खिल्लाऱ्यांनी फाइल उघडून बघितली. “आपण मॅडमचं शासकीय निवासस्थान आहात, आजी. बांधकाम खात्याकडे तशी नोंद आहे.”

नोंद होती. दर उन्हाळ्यात त्यांचा एक अभियंता दुकानात येतो, माझ्या बरगड्यांवर बोटं वाजवून बघतो आणि ‘ओल नाही, किरकोळ भेगा, राहण्यास योग्य’ असं लिहून जातो. मी त्याला ताक देते.

“निवासस्थान,” मी म्हटलं. “सरकारी घर.”

“अगदी बरोबर.”

“डॉक्टर, तुम्हालाही मान्य?”

“मान्य म्हणजे काय, आजी! याबद्दल दुमत कधीच नव्हतं,” डॉ. पाठारे म्हणाले. “विषय संपला.”

मी डॉ. अत्तारांच्या हातातली फिल्म घेऊन टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि म्हटलं, “पाठारेसाहेब, बदली झालेला माणूस सरकारी घर रिकामं करून जातो, ते पाठीवर घेऊन जात नाही.”